इंजिन घडीघडी आकडा बदलतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बुद्धिबळाच्या एका डावात उंट देऊन काळ्या राजावर चालून जायची संधी होती, तुम्ही ती सोडलीत. नंतर ती स्थिती स्टॉकफिश या इंजिनला, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दिलीत, तर डेप्थ (शोधाची खोली) २४ ला +१.८ (अधिक म्हणजे पांढरा वरचढ), ३१ ला चक्क ०.०० आणि ३६ ला पुन्हा +०.९. लीला या दुसऱ्या इंजिनला विचारलंत तर तिने भलतीच चाल सुचवली. दुसऱ्या एका डावाच्या एन्डगेममध्ये इंजिन तासभर +३ दाखवत राहिलं, पण जिंकायची वाट काही दिसेना. तेव्हा इंजिन किती वेळ चालू ठेवायचं, कोणाचं ऐकायचं, आणि नवा कॉम्प्युटर घेतला तर हे सुटेल का?

मी बरीच वर्षं पत्रव्यवहाराचं बुद्धिबळ खेळतो. आता पत्रं जाऊन सर्व्हर आले, पण पद्धत तीच: एकेका चालीला दिवसच्या दिवस. आयसीसीएफ या पत्रव्यवहार बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत इंजिन वापरायला परवानगी असते, त्यामुळे अवघड स्थिती घेऊन इंजिनसमोर बसणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही विचारलंय वेळेबद्दल, पण मला अडचण वेगळी दिसते. तुम्ही इंजिनला स्थिती देता आणि निकालाची वाट बघत बसता. सोप्या स्थितीत ते चालतं. गुंतागुंतीच्या स्थितीत इंजिन साक्षीदारासारखं असतं, त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. आणि ती घ्यायची चाली करून, पट पुढे-मागे हलवून.

किती खोलात जायचं हे अर्थात तुमच्या गरजेवर आहे. स्वतःच्या डावातली चूक समजून घ्यायची असेल तर पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. ओपनिंगची तयारी करताना एका स्थितीवर संध्याकाळ जाऊ शकते. शिवाय इंजिनची आवृत्ती, तुमचं यंत्र आणि स्थितीचा प्रकार यांनी फरक पडतो. म्हणून ‘डेप्थ अमुक झाली की थांबा’ असा नियम मी देणार नाही. असा नियम नसतोच.

आधी आकडा का हलतो ते बघू. डेप्थ ३० म्हणजे इंजिनने पुढच्या तीस अर्ध्या चाली (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) सगळ्या शक्यतांसह तपासल्या, असं आपण समजतो. तसं होत नाही, होऊच शकत नाही. इंजिन झाडाच्या बहुतेक फांद्या छाटतं. ज्या चाली यादीत मागे पडतात त्या ते कमी खोलीपर्यंत बघतं, आणि मधेच काही आशादायक दिसलं तरच परत पूर्ण खोलीने तपासतं. बलिदानाचं मर्म बहुतेक वेळा चार-पाच चालींनंतरच्या एखाद्या शांत चालीत असतं. ना शह, ना मार. अशी चाल यादीत तळाला असते, म्हणून ती उथळ बघितली जाते आणि निसटते. डेप्थ ३१ ला काळ्याचा एखादा बचाव सापडला, ३६ ला त्या बचावावरची पांढऱ्याची शांत चाल सापडली, तर आकडा तुम्हाला दिसला तसाच हेलकावतो. म्हणजे आकडा हलतोय हीच माहिती आहे: या स्थितीत काहीतरी खोल दडलंय, आणि इंजिन अजून चाचपडतंय.

आणखी एक बारकी गोष्ट. एकापेक्षा जास्त थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या अनेक भागांवर एकाच वेळी, इंजिन चालवलं की तीच स्थिती, तेच यंत्र, तरी दर वेळी उत्तर तंतोतंत तेच येईल असं नाही. थ्रेड एकमेकांची माहिती वापरत शोध घेतात आणि कोण कधी कुठे पोहोचला यावर पुढचा शोध ठरतो. तेव्हा काल +०.९ आणि आज +०.४ दिसलं तर घाबरू नका.

आता उपाय, आणि हा भाग मी सावकाश सांगतो, कारण सगळी किल्ली इथे आहे. हातात एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. स्पेनमधली लिनारेसची स्पर्धा, १९९८, ग्रँडमास्टर टोपालोव्ह (पांढरा) विरुद्ध ग्रँडमास्टर शिरोव्ह (काळा). पट मांडाच. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. चाल काळ्याची. काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत, पण उंट विरुद्ध रंगांचे, म्हणजे बरोबरीची दाट शक्यता. शिरोव्हने उंट एच३ वर नेला, जिथे तो सरळ प्याद्याच्या तोंडी आहे. त्या काळच्या इंजिनांच्या आवाक्याबाहेरची ही चाल होती. आजची इंजिनं कितीतरी पुढे गेलीत, पण तुमच्या यंत्रावर ती पहिल्या सेकंदात वर येईल याची खात्री धरू नका.

का खेळला तो ही चाल? काळ्या राजाला ई४ वर पोहोचायचंय आणि वाट एफ५ मधून आहे, जिथे त्याचाच उंट बसलाय. उंट तिथून हलवणं भाग आहे. ई४ वर हलवला तर राजाचं घरच अडतं आणि पांढरा राजा एफ२, ई३ असा निवांत मधे येतो. एच३ वरून मात्र तो जी२ च्या प्याद्यावर नेम धरतो, त्यामुळे पांढऱ्याला उत्तर देणं भाग पडतं. प्याद्याने उंट मारला तर राजा एफ५, पांढरा राजा एफ२, काळा राजा ई४, आणि काळा एका पावलाने आधी पोहोचला. पांढरा उंट एफ६ मारतो, काळा डी४ करतो, मग राजा डी३, सी४, बी३ असा ए आणि डी या दोन्ही प्याद्यांच्या मदतीला जातो. एकटा उंट दोघांना थोपवू शकत नाही. टोपालोव्हने तिथेच डाव सोडला. उंट न मारता राजा एफ२ केला असता तर काळा राजा एफ५, पांढरा राजा एफ३, आणि मग उंटाने जी२ मारून शह. राजाने उंट घेतला की काळा राजा ई४ वर हजर.

हीच स्थिती इंजिनवर अशी तपासा. आधी मल्टी-पीव्ही पाचवर ठेवा, म्हणजे इंजिन वरच्या पाच चाली दाखवेल. मिनिटभर चालू द्या आणि उंट एच३ कितव्या नंबरवर आहे, किती आकडा दाखवतोय ते कागदावर लिहा. मग मल्टी-पीव्ही एकवर आणा आणि मघाशी सांगितलेली लाइन, म्हणजे चालींची मालिका, उंट एच३ पासून राजा ई४ पर्यंत स्वतः खेळा. तिथे इंजिनला मिनिटभर द्या. आता एक चाल मागे या, पुन्हा थोडा वेळ. पुन्हा एक मागे. असं करत सुरुवातीच्या स्थितीपर्यंत या. पुढच्या स्थितीत जे कळलं ते इंजिन हॅश नावाच्या स्वतःच्या मेमरीत साठवतं आणि मागे आल्यावर वापरतं, त्यामुळे मघाशी जे त्याला तासाभरात दिसलं नसतं ते काही मिनिटांत दिसतं. फक्त मधे हॅश साफ करू नका, आणि हॅशला पुरेशी मेमरी द्या. अगदी सगळी रॅम नको, नाहीतर यंत्र डिस्कवर मेमरीची अदलाबदल करू लागेल आणि शोधाचा वेग कोसळेल.

तुमच्या उंटाच्या बलिदानालाही हेच करा. डेप्थ ३१ ला ०.०० आला तेव्हा इंजिनने काळ्याची कोणती चाल दाखवली होती? ती चाल पटावर करा आणि पांढऱ्याचे चार पर्याय बघा. शह आणि मार असलेल्या चाली इंजिन बघणारच आहे. तुम्ही मुद्दाम शांत चाली घालून बघा: हत्ती मोकळ्या फाइलवर आणणं, राजाचं पळायचं घर बंद करणं, अगदी एच प्यादं एक घर पुढे. मी अशा प्रत्येक चालीनंतर वीसेक सेकंद थांबतो. बहुतेक चाली फुकट जातात. पण जी एक लागते तिथून आकडा चढायला लागतो, आणि मग मागे-मागे येताना मूळ स्थितीचा आकडा कायमचा बदलतो. तुमच्या +०.९ मागे अशीच एखादी चाल असणार. ती कोणती हे तुम्हाला कळलं, तर तुम्ही ती स्थिती समजलात.

आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका: धोका काय आहे? स्थिती तीच ठेवून चाल दुसऱ्या बाजूला द्या, म्हणजे तुम्ही तुमची पाळी सोडलीत असं. लीचेस या बुद्धिबळाच्या फुकट संकेतस्थळावर, विश्लेषणाच्या पटावर एक्स हे बटण दाबलं की नेमकं हेच होतं. एखादी बचावाची चाल इंजिन का आग्रहाने सुचवतंय हे कळत नसेल, तर नव्वद टक्के वेळा उत्तर इथे मिळतं. आणि ‘माझी चाल का वाईट?’ हा प्रश्न तर चाल करूनच विचारायचा. इंजिनच्या यादीत नाव नाही म्हणून ती सोडून देऊ नका. खेळा, खंडन बघा, खंडनाला तुमचं उत्तर द्या, जोवर तुम्हाला स्वतःला पटत नाही तोवर.

आता आकड्याच्या अर्थाबद्दल. +१ म्हणजे एक प्यादं जास्त, हे आता जुनं झालं. स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, +१.०० चा अर्थ असा लावलाय की इंजिन स्वतःशी खेळलं तर अशा स्थितीतून जिंकायची शक्यता साधारण पन्नास टक्के. लीला तर मुळातच जिंकणे, बरोबरी, हरणे यांच्या शक्यतांत विचार करते आणि तिचा आकडा त्यावरून काढलेला असतो. म्हणून स्टॉकफिशचा +०.९ आणि लीलाचा +०.६ शेजारी ठेवून वजाबाकी करण्यात अर्थ नाही. दोन्हीत जिंकणे-बरोबरी-हरणे ही टक्केवारी दाखवायची सोय असते, ती चालू करा.

दोघांची मतं वेगळी का पडतात, तेही सांगतो. स्टॉकफिश प्रचंड वेगाने खोल जातं. २०२० साली बाराव्या आवृत्तीत त्यात छोटं, झपाट्याने चालणारं न्यूरल नेटवर्क आलं. ही कल्पना मूळची शोगी या जपानी खेळाच्या इंजिनांची, यू नासू यांनी २०१८ साली मांडलेली. लीलाचा प्रकल्पही २०१८ चा, स्वतःशी खेळून शिकलेल्या अल्फाझिरो या प्रोग्रॅमच्या वाटेने जाणारा: नेटवर्क खूप मोठं, सेकंदाला तपासलेल्या स्थिती खूप कमी, पण प्रत्येक स्थितीची जाण दांडगी. दीर्घ पल्ल्याचा दबाव, जागेचा फायदा, प्याद्यांची बंद रचना यात मी लीलाचं मत आवर्जून घेतो. जिथे एक शह चुकला की सगळं संपलं, तिथे स्टॉकफिशकडे झुकतो. तुमची स्थिती दुसऱ्या प्रकारची आहे. पण लीलाने सुचवलेली चाल पटावर करून ती स्टॉकफिशला नक्की तपासायला द्या. मतभेद जिथे आहे तिथेच शिकण्यासारखं काही असतं. आणि लीलाला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. साध्या प्रोसेसरवर ती चालत असेल तर तिचं मत अर्धवट समजा.

शून्याबद्दल वेगळं बोलायलाच हवं. ०.०० दोन जातींचा असतो. एक, जिथे पटावर काही उरलंच नाही, कोणीही काहीही खेळा, बरोबरी. दुसरा, जिथे एक बाजू हत्तीने मागे आहे पण तिला सततचा शह मिळतो, आणि समोरच्याने एकही चाल चुकवली तर मात. दोन्हींना आकडा एकच. फरक ओळखायला मल्टी-पीव्ही बघा. पाचही चाली ०.०० असतील तर पट शांत आहे. पहिली ०.०० आणि दुसरी एकदम −४ असेल तर तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात. प्रत्यक्ष डावात, घड्याळ चालू असताना, सलग सात एकमेव चाली शोधून मिळणाऱ्या ०.०० पेक्षा मी −०.३ ची साधी, सोसणारी स्थिती घेईन. मी शिकवतो त्या मुलांनाही हेच सांगतो. इंजिनची पहिली पसंती तुमच्यासाठीही पहिली असेलच असं नाही.

आता तुमचं दुसरं दुखणं, तासभर +३ आणि वाट मात्र नाही. याचं कारण बहुतेक वेळा तटबंदी असते, इंग्रजी नाव फोर्ट्रेस: मागे पडलेल्या बाजूची अशी रचना की समोरच्याला आत शिरायला वाटच नसते. एक टोकाचं उदाहरण मांडून बघा, डोळ्यांनीच पटेल. पांढरी प्यादी ए४, बी५, सी४, डी५, ई४, एफ५, जी४, एच५. काळी प्यादी ए५, बी६, सी५, डी६, ई५, एफ६, जी५, एच६. पांढरा राजा ई२ वर, उंट डी३ वर. काळा राजा ई७ वर. पांढऱ्याकडे आख्खा उंट जास्त. पण हा उंट पांढऱ्या घरांचा, आणि पांढरी प्यादीही सगळी पांढऱ्या घरांवर बसून त्याची वाट अडवतात. काळी प्यादी सगळी काळ्या घरांवर, म्हणून उंट त्यातलं एकही कधी मारू शकत नाही. राजाने पुढे जायचं तर बी४, डी४, एफ४, एच४ ही चारच मोकळी घरं, आणि चारही काळ्या प्याद्यांच्या माऱ्यात. एकही प्यादं हलू शकत नाही. ही बरोबरी पोरालाही दिसते, कारण आपण पट एका नजरेत बघतो. इंजिन चालींचं झाड मोजतं, आणि ज्या स्थितीत काहीच घडत नाही तिथे मोजायला काही मिळत नाही. या उदाहरणात किती पटकन कळेल ते आवृत्तीवर अवलंबून आहे. खऱ्या डावातल्या, थोड्या सैल तटबंदीत मात्र आजही चकवा बसतो.

ओळखायचं कसं? आकडा किती आहे यापेक्षा तो कुठे चाललाय ते बघा. खरोखर जिंकणाऱ्या स्थितीत सुचवलेल्या चाली खेळत गेलात की आकडा वाढतो: ३, ३.४, ४.२, ६. तटबंदीत तुम्ही पंधरा चाली पुढे गेलात तरी तो ३ वरच रेंगाळतो किंवा हळूहळू उतरतो, कारण पन्नास चालींचा नियम (पन्नास चालींत ना मार, ना प्याद्याची चाल, तर बरोबरी) जवळ येत असतो. सुचवलेल्या लाइनमध्ये हत्ती इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत असेल तर तीही खूण. मी स्वतः हे किंमत मोजून शिकलो. पत्रव्यवहाराच्या एका डावात हत्ती आणि विरुद्ध रंगांचे उंट अशा एन्डगेममध्ये मी +१.६ बघून मोठ्या विश्वासाने उतरलो. त्याआधी वजीर पटावर ठेवून दबाव टिकवता आला असता. पुढच्या वीस चाली आकडा १.६ वरून तसूभर हलला नाही, आणि डाव बरोबरीत गेला. आता अदलाबदल करण्याआधीच मी त्या एन्डगेममधून इंजिन विरुद्ध इंजिन असे दहा-वीस झटपट डाव खेळवून घेतो. सगळे बरोबरीत सुटले तर +१.६ ला मी शून्यच धरतो.

झुगझ्वांग, म्हणजे चाल करावी लागणं हेच जिथे नुकसान, हा याचा चुलत भाऊ. पांढरा राजा एफ५, प्यादं ई४. काळा राजा डी४, प्यादं ई५. ज्याची चाल तो हरतो. इंजिन वेळ वाचवायला एक युक्ती वापरतात: ‘मी चाल सोडून दिली तरी माझं बरं चाललंय, तर ही फांदी अधिक बघायला नको.’ झुगझ्वांगमध्ये हे गृहीतकच उलटं पडतं. नुसत्या राजा-प्याद्यांच्या एन्डगेममध्ये ही युक्ती बंद ठेवतात, पण उंट, घोडे, हत्ती असताना ती चालू असते. तिथे शंका आली की चाल दुसऱ्या बाजूला देऊन दोन्ही आकडे ताडून बघा.

पटावर राजे धरून सातच मोहरे उरले की इंजिनशी वाद घालायची गरजच नाही. सिझिजी टेबलबेस या आधीच मोजून ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्यात सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचं अचूक उत्तर २०१८ पासून उपलब्ध आहे. अपवाद फक्त कॅसलिंग अजून शक्य असलेल्या स्थितींचा. सहापर्यंतच्या फाइलींना दीडशे जीबीच्या आसपास जागा लागते, त्या घरी ठेवता येतात. सातच्या सोळा-अठरा टेराबाइट होतात, त्यामुळे त्या लीचेसवर फुकट बघाव्यात. सहाच्या फाइली इंजिनला जोडून दिल्या की तुमच्या +३ सारखी कितीतरी कोडी आपोआप सुटतात, कारण आठ-नऊ मोहऱ्यांच्या स्थितीतून शोध खाली उतरताना त्याला खरं उत्तर सापडतं.

शेवटचा प्रश्न, नवा कॉम्प्युटर. तुम्ही ब्राउझरमधलं इंजिन वापरत असाल तर आधी स्टॉकफिश उतरवून यंत्रावर चालवा. ते फुकट आहे, आणि एवढ्यानेच वेगात मोठा फरक पडतो. त्यावर उंटाच्या बलिदानाची लाइन मागे-पुढे करून बघा, दोन संध्याकाळी द्या. इंजिन सुरू करण्याआधी तुम्हाला डावात काय दिसलं होतं आणि कुठे भीती वाटली ते दोन ओळींत लिहून ठेवा, नंतर ते आठवत नाही. डेप्थ ३१ ला काळ्याचा जो बचाव दिसला, त्या चालीपर्यंतची स्थिती आणि तुम्ही घालून बघितलेल्या शांत चाली इथे लिहा. मी माझ्या यंत्रावर तिथून पुढे बघतो.